पाणी किती आहे?

जाणाऱ्या माणसांची एक खोड असते. आपापल्या बॅगा भरतात आणि जे बॅगेत मावत नाही ते माझ्याकडे सोडून जातात. नणंद सुरतेला गेली, तेव्हापासून तिचं शिलाई मशीन आमच्या जिन्याखाली आहे. धाकट्या दिरांनी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तिथे लिफ्ट नाही, म्हणून सासूबाई आमच्याकडे. सासूबाईंना वस्तूंच्या यादीत धरू नये हे मला कळतं. पण त्यांना सोडायला आलेले दीर परत गाडीत ज्या घाईने बसले, ती घाई मी पाहिली आहे. आणि लोकेश, माझा एकुलता एक मुलगा, बंगळूरला गेला तेव्हा एक मासा सोडून गेला.

त्याआधी दोन वर्षं तो इथे जळगावात घरी बसूनच कंपनीचं काम करत होता. त्या दिवसांत कधीतरी त्याने हा मासा आणला. दुकानात याला फायटर म्हणतात. लोकेश बेटा म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरगा माशाला लाडाने बेटा म्हणतोय. मग कळलं की या जातीचं नावच बेटा आहे. बोटाएवढा निळाशार मासा, अंगाभोवती झालरीसारखे पंख, आणि आरशात स्वतःला पाहिलं की गाल फुगवून भांडायला उठणार. सासूबाई माहेरच्या असोद्याच्या. त्यांच्या बोलीत ळ नाहीच, निळ्याला त्या निया म्हणतात. ‘तो निया आज जेवला का व?’ असं त्या विचारायला लागल्या आणि माशाचं नाव निया पडलं.

मग कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. लोकेश निघाला. दारात बूट घालता घालता म्हणाला, ‘मम्मी, सकाळी चार दाणे टाकायचे आणि आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. बाकी काही नाही.’

बाकी काही नाही. या घरात मला ज्या ज्या कामाबद्दल बाकी काही नाही असं सांगितलं गेलं, त्या प्रत्येक कामाने माझा दिवस खाल्ला आहे.

मी एरंडोलला शाळेत शिकवते. रोज अपडाऊन. सकाळी सगळ्यांचा स्वयंपाक करून बस गाठायची, संध्याकाळी उतरताना पाय सुजलेले असतात. घरी आलं की सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायचं. यांचं, म्हणजे हेमराजरावांचं, ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. ते दुकानातून येतात ते थेट टीव्हीसमोर, आणि तिथून विचारतात, ‘चहा झाला का?’ जणू चहा आपोआप होतो आणि मी फक्त त्याची बातमी द्यायची असते. मला कुणाचा राग येतो असं नाही. राग यायलाही अंगात थोडी शक्ती लागते.

लोकेश गेल्यावर पहिले काही दिवस रोज फोन आला. मग एक दिवसाआड. मग फक्त रविवारी, आणि दिवाळीनंतर रविवारीसुद्धा ‘मम्मी, मी नंतर करतो’ एवढंच. तो नंतर काही आला नाही. तुम्ही म्हणाल, आपण करावा की फोन. केला होता. तो कुजबुजत म्हणायचा, ‘मीटिंगमध्ये आहे, अर्जंट आहे का?’ आता आईच्या फोनमध्ये अर्जंट काय असणार? मी नाही म्हणायचे आणि ठेवायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर मी फोन करणं सोडून दिलं. मानी आहे मी, ते मान्य आहे.

आणि मग थंडी पडली.

जळगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना उन्हाळाच आठवतो. इथला हिवाळा त्यांनी पाहिलेला नसतो. फरशीवर पाय ठेववत नाही, खोबरेल तेलाची बाटली दगड होते, केळीवाले बागांमध्ये धूर करून बसतात. अशाच एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि लोकेशचा फोन आला. मधल्या वारी, न सांगता. माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं.

‘मम्मी, पाणी किती आहे?’

मी म्हटलं, ‘आज नळ आला नाही रे. टाकी अर्धी असेल. तू का विचारतोस, येतोयस का?’

‘अगं, नियाचं पाणी! टेंपरेचर किती आहे?’

जळगावात पाणी किती आहे या प्रश्नाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. माशाच्या टाकीच्या काचेवर एक पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर आकडे उजळायचे. जाऊन पाहिलं तर एकोणीस. लोकेश ओरडलाच. या माशाला सव्वीसच्या आसपास लागतं म्हणे. तो मूळ गरम देशांतला. मग किती तरी वेळ तो बोलत राहिला. निया खातो का, तळाशी बसून राहतो का, पंख मिटलेले आहेत का. मी टाकीसमोर उभी राहून सांगत होते. मागे कुकरची शिट्टी वाजली ती तिकडची. म्हणजे पोरगा घरी काहीतरी शिजवतो आहे, बाहेरचं खात नाही, हे मला कळलं. मधेच खोकला. म्हणजे सर्दी आहे. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, पण कळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. ‘मम्मी, पाणी किती आहे?’

तिसऱ्या दिवशीही. मी बसमधून उतरले की पाय आपोआप भरभर चालायला लागले. घरी येऊन चपला काढायच्या आधी मी पट्टी बघायची. अठरा असलं की मी घाबरायची, आणि मनातल्या मनात खूशही व्हायची. अठरा म्हणजे फोन लांबणार. खोटं कशाला बोलू? पोराला माझी आठवण येत नव्हती, माशाची येत होती, पण त्या माशाच्या मागून का होईना त्याचा आवाज रोज घरात येत होता. निया मेला तर हा आवाज बंद होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या बोटाएवढ्या जिवाची मी जी काळजी केली, ती माझ्या सासरच्या कुठल्याही माणसाची केली नसेल.

लोकेश म्हणाला, ‘हीटर लागेल. मी ऑनलाइन मागवतो.’

‘नको,’ मी म्हटलं. ‘इथेच मिळेल. मी बघते. तू फक्त सांग कसला घ्यायचा.’

आता हीटर ही एवढी मोठी गोष्ट असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे हीटर म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. ‘मास्याले हीटर? शिजवशीन त्याले!’ लोकेशने मात्र रोज संध्याकाळी नवा धडा घ्यायला सुरुवात केली. काचेचा घ्यायचा की स्टीलचा. टाकी लहान, तर हीटरही लहान. मोठा घेतला आणि बिघडला तर लहान टाकीतलं पाणी बघता बघता उकळतं. पाणी बदलताना आधी बटण बंद, मग थोडं थांबायचं, नाहीतर काच तडकते. मी प्रश्न विचारत राहायची. काही प्रश्नांची उत्तरं मला आधीच माहीत असायची, तरी विचारायची. विज्ञान मी स्वतः शिकवते, पण त्या दिवसांत माझ्याइतकी ढ विद्यार्थिनी शोधून सापडली नसती.

शाळेत परीक्षा आल्या आणि मला बाजारात जायला जमेना. तेवढ्यात यांनी आणि सासूबाईंनी मिळून एक शहाणपणा केला.

मी घरी आले तर टाकी दिसेना. तिच्या जागी एक फुगलेली पांढरी पिशवी, खालून सुतळीने बांधलेली.

‘हे काय?’

‘स्कर्टिंग बॅग,’ हे टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले. ‘दुकानात सॅम्पल आलं होतं.’

थंडीत केळीच्या घडाला काळे डाग पडू नयेत म्हणून शेतकरी घडावर ही पिशवी चढवतात. इथल्या प्रत्येक बागेत लटकलेली दिसते. सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, ‘केयीले घालता ना, तशी घातली. बठ्ठा घड कसा गरम राह्यतो. म्या सांगलं हेमराजले.’

‘आई, मासा म्हणजे घड आहे का?’

‘थंडी तं तीच हाये ना?’

मी सुतळी सोडली. पाणी तेवढंच थंड होतं. निया तळाशी एका कुशीवर पडला होता. मी काचेवर टिचकी मारली, हलला नाही. दुसरी टिचकी मारल्यावर त्याने एक पंख हलवला, कुणी झोपेतून उठवल्यावर आपण हात झटकतो तसा.

संध्याकाळी लोकेशला पिशवीचं सांगितलं तर तो आधी खो खो हसला. इतकं हसताना मी त्याला वर्षभरात ऐकलं नव्हतं. मग निया आडवा होता हे कळल्यावर म्हणाला, ‘मम्मी, आता उशीर नको. उद्याच घे.’

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मार्केटमध्ये गेले. शाळेत कारण काय लिहावं कळेना, शेवटी घरगुती अडचण असं लिहिलं. माशांच्या दुकानाचा मालक भटू नावाचा, धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. कानात मफलर, समोर चहा. मी हीटर म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

‘ताई, जयगावमा हीटर कोन लेस? उन्हायामा या, मासासले बरफ टाकनं पडस.’

‘आता उन्हाळा नाही ना भाऊ. आहे का नाही ते सांगा.’

त्याने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून धूळ बसलेला खोका काढला. आत तीन प्रकारचे हीटर निघाले. मी लोकेशला व्हिडिओ कॉल लावला. मनात म्हटलं, मीटिंग म्हणेल. पण त्याने लगेच उचलला. पोरगा ऑफिसच्या जिन्यात येऊन उभा राहिला होता. किती वाळला होता! गालाची हाडं वर आली होती, दाढी वाढवली होती. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो म्हणाला, ‘मम्मी, कॅमेरा हीटरकडे कर.’

मी केला.

पहिला होता हातभर लांब. भटू म्हणाला, ‘हाऊ ल्या. मोठा शे, झट गरम करस.’

‘नको, नको,’ लोकेश फोनमधून. ‘तो मोठ्या टाकीचा आहे. सूप होईल.’

दुसरा छोटा, स्वस्तातला. त्याला अक्कल नव्हती. बटण लावलं की तापायचं, बंद करेपर्यंत तापतच राहायचं. पट्टीवर डोळा ठेवून आपणच चालू-बंद करायचं. तिसराही छोटाच, पण ऑटोमॅटिक. वर एक चकती, तिच्यावर हवं ते तापमान लावून ठेवायचं. पाणी तेवढं तापलं की आपोआप बंद, गार झालं की आपोआप चालू.

भटूने खांदे उडवले. ‘बठ्ठा सारखाच शेतस, ताई. कोनताबी ल्या.’

सारखे नव्हते. मी तो बिनअकलेचा हातात घेऊन उभी होते. डोक्यात सरळ हिशोब चालला होता. ज्या हीटरवर सारखी नजर ठेवावी लागते, त्याची विचारपूसही सारखी करावी लागते. सकाळी लावलास का, दुपारी कोण बघतं, आत्ता किती आहे. हा हीटर म्हणजे अख्खा हिवाळाभर फोन.

‘हा घेऊ का?’ मी विचारलं. ‘आजी असतेच घरी. ती बटण बंद करेल.’

‘वेडी आहेस का? आजी टीव्हीचं बटण विसरते. तो ऑटोमॅटिक घे. तुला कशाला उगाच त्रास? आधीच तुझी दगदग कमी आहे का?’

हे तो पटकन बोलून गेला. बोलता बोलता जिन्यावरून कुणी उतरलं त्याला त्याने बाजूला होऊन वाट दिली. पण मला ते इतकं लागलं की दुकानातल्या सगळ्या टाक्या एकदम धूसर झाल्या. माझी दगदग त्याला माहीत होती तर. मी बिनअकलेचा खाली ठेवला आणि ऑटोमॅटिक घेतला. त्या एका वाक्यावर मी फसले.

घरी येऊन हीटर पाण्याखाली बसवला, चकती सव्विसावर लावली. लाल ठिणगीएवढा दिवा लागला. पट्टीवरचे आकडे हळूहळू चढत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निया वर आला. चार दाणे खाल्ले आणि अजून आहेत का म्हणून माझ्या बोटाकडे बघत राहिला. पंख पसरले. सासूबाईंनी खुर्ची ओढून टाकीसमोर मांडली आणि गुडघ्यावर शाल घेऊन बसल्या. ‘आपल्यापेक्षा याची चंगय हाये,’ म्हणाल्या. मी व्हिडिओ पाठवला. लोकेशने तीन हसरे चेहरे पाठवले आणि फोन केला.

‘मस्त! आता टेन्शनच नाही. आता काही बघायला नको, मम्मी. आपोआप होईल सगळं.’

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी नाही. मी पाणी सव्वीस आहे असं लिहून पाठवलं, त्याने अंगठा दाखवला. पुन्हा पाठवलं, पुन्हा अंगठा. मग मी पाठवणं बंद केलं. सव्वीसचे सव्वीस राहणार, त्यात सांगायचं तरी काय? संध्याकाळी बसमधून उतरले की पाय पुन्हा आपल्या जुन्या चालीने चालायला लागले. मी पोळ्या लाटायची, फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायची, आणि तो चाळीस माणसांच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग दाखवत राहायचा.

मला त्या हीटरचा राग यायला लागला. निर्जीव वस्तूचा राग येतो हे सांगायला लाज वाटते, पण येत होता. तो लाल दिवा लागायचा, विझायचा, लागायचा. कुणाला विचारत नव्हता, कुणाला सांगत नव्हता. इतकं शहाणं या घरात कुणीच नव्हतं.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी सकाळी थंडी फारच होती. मी उठले, चूल पेटवावी तसा गॅस लावला, चहा ठेवला, आणि पुढच्या खोलीत जाऊन हीटरचं बटण बंद केलं. खिडकीही उघडली. मग मुकाट परत येऊन भाजी निवडायला बसले.

मेथीची जुडी संपली. पट्टी तेवीसवर. वाल सोलून झाले. पट्टी एकवीसवर. निया खाली गेला होता, पंख मिटून. मला त्याच्याकडे बघवेना. त्या जिवाने माझं काय बिघडवलं होतं? जो तो माझ्यावर टाकून जातो म्हणून मी ओरडते, आणि मी माझं दुखणं या मुठीत मावणाऱ्या जिवावर टाकत होते. तरी उठून बटण लावलं नाही. अंगच उचलत नव्हतं.

सासूबाई भिंतीला धरत पुढच्या खोलीत आल्या. त्यांना लाल दिवा दिसला नाही. त्या बटणाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

‘बंद काहून केलं व?’

‘लाइट बिल येतं आई.’

‘एवढूशा दिव्याचं?’ त्या खुर्चीत टेकल्या. शाल नीट केली. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘पोराच्या फोनसाठी केलं ना? त्याले फोन कर ना मंग सरय. तुह्याकडे काय फोन नही का?’

‘मी का करू? त्याला आठवण नको यायला?’

‘नही येत त्याहिले,’ सासूबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, आज भाजीला मीठ कमी आहे असं म्हणावं तसं म्हणाल्या. ‘मले नाशिकून कुठी येतो फोन? म्याच लावते. तो म्हनतो कामात हाये, मी म्हनते कर तू काम, मी नुसती बसते फोन धरून.’

मला हे माहीत नव्हतं. मी दिवसभर एरंडोलला असते. माझ्या मागे या फोन धरून बसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

पण माझी खोड जाईना. मी पट्टीचा फोटो काढला. वीस. लोकेशला पाठवला, खाली एक अक्षर लिहिलं नाही.

मिनिटभरात फोन वाजला.

‘मम्मी! वीस कसं झालं? हीटर बिघडला का? दिवा लागतोय का? प्लग सैल असेल, बघ ना! तू रोज बघत होतीस ना?’ तो झोपेतून उठला होता, आवाज घोगरा होता, आणि चिडलेला. मी ऐकत होते. चिडलेला असला तरी तो त्याचाच आवाज होता.

‘बोल ना, मम्मी.’

‘बटण बंद होतं,’ मी म्हटलं.

‘कुणी केलं?’

मी खिडकी लावून घेतली. त्याला वाटलं असेल, आजीने केलं. तो जरा शांत झाला. ‘बरं ऐक. आता एक करू. वायफायवाला हीटर येतो. मी पाठवतो. त्याला ॲप असतं. टेंपरेचर मला इथे मोबाइलवर दिसेल, बंद झाला तर मलाच मेसेज येईल, मी इथूनच चालू करेन. तुला मग काहीच करायला नको. फोटो नको, काही नको. मला तुला विचारायचीसुद्धा गरज नाही.’

तो फार चांगल्या मनाने बोलत होता. मला त्रास नको म्हणूनच बोलत होता. आणि माझं डोकं सणकलं.

‘नको पाठवूस,’ मी म्हटलं.

‘अगं, महाग नाहीये तो...’

‘नको म्हटलं ना! बटण मी बंद केलं. सकाळी उठून मीच बंद केलं, खिडकीसुद्धा उघडली. थंडी पडल्यापासून तू मला एकच विचारतोस, पाणी किती आहे. माशाला भूक आहे का, माशाचे पंख मिटलेत का. एकदा तरी विचारलंस, मम्मी, तू कशी आहेस? तुला माझी खबर हवी असेल तर मी काय काचेवर पट्टी लावून बसू?’

सासूबाईंनी शालीचं टोक तोंडाला लावलं. आतून टीव्हीचा आवाज कमी झाला. हे ऐकत होते.

मला वाटलं, आता लोकेश फोन ठेवेल. आता तो मला मीटिंग सांगेल, रविवार असला तरी सांगेल. मी स्वतःवरच चिडले. जो काही तुटका-फुटका फोन येत होता, तोही मी माझ्या तोंडाने घालवला.

‘कशी आहेस?’ तो म्हणाला. हळूच म्हणाला, लहानपणी काही फोडलं की यायचा त्या आवाजात.

केवढं साठवून ठेवलं होतं मी या प्रश्नासाठी. बसमधली धक्काबुक्की, सुजलेले पाय, त्याची रिकामी खोली, तिच्यात उगाच जाऊन मी चादर बदलते ते. रोज पोळ्या लाटताना मनातल्या मनात मी त्याला हे सगळं सांगत असायची. आणि आता त्याने विचारलं, तर तोंडातून काय निघावं?

‘बरी आहे,’ मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, त्या आता मला मारणार. मी डोळे मिटले.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘बरी नाही. दमले आहे रे मी. फार दमले आहे.’

यावर त्याच्याकडे ॲप नव्हतं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे कुणीतरी बादली भरत होतं ते.

‘मम्मी,’ तो म्हणाला, ‘तू आत्ता उभी आहेस का?’

मी खाली पाहिलं. टाकीपाशी उभी होते. एक हात बटणाकडे गेला होता, पदरात वालाची सालं तशीच होती.

‘हो.’

‘मग आधी बस ना तू. बस, मग बोल. मी ऐकतोय.’

बस, असं मला या घरात शेवटचं कुणी म्हटलं होतं ते काही केल्या आठवेना. मी बटण लावलं. सासूबाई खुर्चीतून उठायला लागल्या, मी त्यांना नको म्हणून खूण केली आणि तिथेच गार फरशीवर, सालांसकट, खाली बसले.